मिरची वाळली का, ते काट्याला विचारा

वाचकांचे प्रश्न, डंकवाल्या काकूंची उत्तरं

सांगलीच्या गावभागात माझा डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, बावीस वर्षं झाली. होळीनंतर दारात पिशव्यांची रांग लागते आणि मग पत्रांना हात लावायला सवड होत नाही, म्हणून या खेपेला नुसती मिरची घेतली आहे. बाजारातून पोत्यानं आणलेली नव्हे, घरची. गच्चीवर, परसात, उसाच्या बांधाला मिरची लावणारे खूप झालेत. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, दळायला काय घेऊ? वाळवायला काय घेऊ, हे विचारणारं पत्र ढिगात एखादंच सापडतं.

“मी निवृत्त शिक्षक. घरामागे दोन गुंठ्यांत ब्याडगी, संकेश्वरी, थोडी ज्वाला आणि मुलाच्या मित्रानं दिलेली भूत जोलोकियाची चार रोपं आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत मिळून पस्तीसेक किलो ओली लाल मिरची निघेल. पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. मुलगा म्हणतो दळायला एक एचपीचा पल्व्हरायझर घ्या, सूनबाई म्हणतात वाळवायचं विजेचं यंत्र घ्या. काय करू?” — एक वाचक, कोरेगाव

सर, सूनबाईंचं ऐका. पण सगळं नको.

आधी गणित मांडू, तुमचा विषय कोणता होता ठाऊक नाही. पिकलेल्या मिरचीत किलोमागे पाऊण किलोच्या आसपास पाणीच असतं. उरलेला पाव किलो माल. तो दहा टक्के ओलीवर आणला की वजन भरतं पावणेतीनशे ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे तुमची पस्तीस किलो वाळून साडेनऊ किलो होणार, देठं खुडली की नऊच्या आत. नऊ किलो मिरचीला पल्व्हरायझर वर्षातून किती वेळ चालेल? एक दुपार. बाकी वर्षभर तो जिन्याखाली पोतं पांघरून बसणार. वाळवण मात्र चार महिने चालणार. नोव्हेंबर-डिसेंबरात तुमच्याकडं पहाटे दव असतं, मधेच ढग येतात, कधी अवकाळी येतो. माल बिघडायचा तो या चार महिन्यांत बिघडतो. दळताना फक्त ते कळतं.

म्हणून माझ्या यादीत पहिलं यंत्र काटा. स्वयंपाकघरातला, एक-एक ग्रॅम दाखवणारा, काही शे रुपयांत मिळतो तो. प्रत्येक तोड्यातली बरोबर एक किलो मिरची वेगळ्या टोपलीत घ्या, टोपलीचं वजन तिच्यावरच खडूनं लिहा आणि ती टोपली बाकीच्या मिरचीबरोबरच वाळू द्या. रोज संध्याकाळी तेवढी एक टोपली काट्यावर ठेवा. पहिले दोन-तीन दिवस वजन धाडकन उतरेल, मग हळूहळू. तीनशेच्या खाली आलं की लक्ष ठेवा. लागोपाठ दोन दिवस तोच आकडा आला की मिरची वाळली. झाडावरच सुरकुतलेली तोडली असेल तर शेवटचा आकडा मोठा येईल, कारण तिच्यातलं पाणी आधीच गेलेलं असतं. तेव्हा आकडा पाठ करण्यापेक्षा आकडा थांबतो कधी ते बघा.

हाताला कळतं, असं आम्ही बायका म्हणतो. मीही म्हणायचे. डंक टाकला त्याच वर्षी शेजारणीची ब्याडगी आली. हलवली की आत बिया खुळखुळ वाजत होत्या, सालही कडक. मी बिनधास्त डंकात ओतली. दहाव्या मिनिटाला मुसळाचा आवाज बदलला. कुटल्याचा ठक-ठक आवाज जाऊन कणीक तिंबल्यासारखा थप-थप यायला लागला. बंद करून बघितलं तर तळाशी लाल लगदा, मुसळाला गोळा चिकटलेला. मिरची सालीला वाळली होती, देठाच्या टोपीखाली ओली होती. तिथलं पाणी सगळ्यात शेवटी जातं. म्हणून आता पिशवी आली की चार मिरच्या काढून देठ मोडते आणि टोपीखालच्या बीवर नख दाबते. नख रुतलं तर पिशवी परत. शेजारणीला त्या वर्षीचे पैसे मी भरून दिले, ती अजून माझ्याकडंच येते.

आता वाळवायचं कशावर. तासगावच्या रस्त्याला बेदाण्याची शेड बघितली असतील. लोखंडी सांगाडा, त्यावर जाळीचे मजले, बाजूला हिरवं शेडनेट. द्राक्ष जमिनीला टेकत नाही, वारा खालून-वरून फिरतो, ऊन थेट लागत नाही. मिरचीलाही हेच हवं. स्लॅबवर पसरलेली मिरची खालून भाजते, वरून रंग उडतो आणि पोटात ओली राहते. बाजारात जिला फटकी म्हणतात ती पांढरट डागांची मिरची काही अंशी अशीच तयार होते. तुमच्याकडं जुनी सुंभाची बाज असेल तर उत्तम, नसेल तर सहा बाय तीन फुटांची चौकट करून जाळी ठोका आणि चार विटांवर ठेवा. एका थरात त्यावर सहा-सात किलो ओली मिरची मावते, म्हणजे तुमचा एक तोडा. दोन बाजा झाल्या की एक तोडा वाळत असताना दुसरा आला तरी अडत नाही.

तोडून आणलेली मिरची लगेच उन्हात घालू नका. दोन दिवस घरात सावलीला ढीग करून ठेवा, अर्धीकच्ची आहे ती लाल होते. मग देठासकट पसरा. देठ आधी काढलं तर तिथं भोक पडतं, बी सांडतं, धूळ आणि कीड आत जाते. दुपारी बारा ते तीन जुनी सुती साडी वरून घाला, रंग टिकतो. संध्याकाळी दव पडायच्या आत उचला. गरम मिरचीवर प्लॅस्टिक मात्र घालू नका, आत घाम सुटतो आणि दिवसभराची मेहनत रात्रीत वाया.

आणि सूनबाईंचं यंत्र? घ्या, पण छोटं. ओल्या मिरचीपासून शेवटपर्यंत विजेवर वाळवायची असेल तर मोठं लागतं आणि बिल येतं. मी करते ते सांगते. चार-पाच दिवस उन्हात, मिरची चामड्यासारखी लवचिक होईपर्यंत. बहुतेक पाणी सूर्य फुकट काढतो. मग शेवटचे पाच-सहा तास यंत्रात, ५० ते ५५ अंशांवर. आभाळ आलं तर तोडा वाचवायलाही तेच यंत्र. साठाच्या वर नेऊ नका, मिरची काळपट पडते आणि घरभर ठसका उठतो.

घेताना चार गोष्टी बघा. पंखा तळाशी नको, मागच्या बाजूला हवा. तळाच्या पंख्याच्या यंत्रात खालचा ट्रे करपतो, वरचा ओला राहतो आणि दर दोन तासांनी ट्रे वर-खाली करत बसावं लागतं. तापमानाचं बटण हवं, नुसतं चालू-बंद नको. दोन ट्रेंमध्ये दीड-दोन इंच जागा हवी, नाहीतर ब्याडगीची वाकडी मिरची वरच्या जाळीला टेकते. आणि खोक्यावर लिहिलेल्या किलोवर जाऊ नका. मी घेतलेल्या यंत्रावर पाच किलो लिहिलं होतं, माझी मिरची बसली दोन किलो. त्यांनी बहुधा टोमॅटोच्या चकत्यांची चळत मोजली असावी. ट्रेची लांबी-रुंदी विचारा. साधारण एक फूट बाय एक फूट ट्रेवर एका थरात चारशे-साडेचारशे ग्रॅम ओली मिरची राहते, त्यावरून तुम्हीच गणित करा.

विजेचं म्हणाल तर ४०० वॉटचं यंत्र सहा तास चाललं की जास्तीत जास्त अडीच युनिट. हेच ओल्यापासून सुरू केलं तर वीस-वीस तास, म्हणजे आठ युनिट, आणि पदरात अर्धा-पाऊण किलो मिरची. घरी ओटीजी, म्हणजे केक भाजायचा ओव्हन आहे, तोच वापरतो म्हणाल तर त्याचं बटण बघा. बहुतेकांचा सगळ्यात खालचा आकडाच शंभर असतो. ते वाळवणं नव्हे, भाजणं.

उरलं दळण. नऊ किलो डंकावर न्या. यात माझा स्वार्थ आहे, डंकवाली बाई डंकाचंच सांगणार. पण माझ्याकडं यायला नका सांगत, कोरेगावातला कुठलाही चालेल. डंकात मुसळ उचलून आपटतं, सावकाश. पल्व्हरायझरमध्ये हातोड्या मिनिटाला हजारो फेरे मारतात आणि माल जाळीतून बाहेर फेकतात. काम झटपट होतं, तिखट मैद्यासारखं निघतं, पण गरम निघतं. हात घालून बघा, कोमट नव्हे, चांगलं गरम लागतं. रंग आणि वास तिथं थोडा जातो. डंकाचं तिखट जरा भरड असतं, पण रश्श्यावर तवंग आणतं. आमच्याकडची वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण घातलेली हो, ताटात डावीकडं वाढायची नव्हे, ती तर डंकावरचीच. खोबरं, तीळ, लसूण यांचं तेल सुटतं आणि पल्व्हरायझरची जाळी तासाभरात लिंपून जाते.

मुलाला वाईट वाटू नये म्हणून सांगते. घरात हळद, धने, मिरची मिळून वर्षाला पन्नास किलोच्या वर कोरडं दळण असेल, किंवा चार घरं मिळून घेणार असाल, तर पल्व्हरायझर जरूर घ्या. मग एक एचपीचा नको, दोनचा घ्या. हळकुंड एक एचपीला रडवतं. आतली चेंबर स्टीलची बघा. साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर लावू नका, पंधरा-सोळाचा पॉवर प्लग आणि अर्थिंग हवंच.

भूत जोलोकिया राहिली. ती डंकावर नेऊ नका आणि नेलीत तरी कुणी घेणार नाही. २००७ मध्ये गिनीज बुकात जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली, दहा लाख स्कोव्हिलच्या वर, स्कोव्हिल हे तिखटपणाचं माप. आपली ब्याडगी तिच्यापुढं गूळ आहे. तिला भाव तिखटपणाचा नसतोच, रंगाचा असतो, तो रंग पार लिपस्टिकपर्यंत जातो. एकदा एका मुलानं न सांगता संकेश्वरीच्या पिशवीत दहा-बारा जोलोकिया घालून आणल्या. त्याच्यामागं एका आजींची ब्याडगी होती, दीड वर्षाच्या नातवासाठी सौम्य हवी म्हणून मुद्दाम निवडलेली. मी नेहमीप्रमाणं मधे मूठभर तांदूळ कुटून डंक पुसला होता, तरी आजी चौथ्या दिवशी डबा घेऊन परत आल्या. तुमची चार झाडांची जोलोकिया उभी चिरून, हातमोजे घालून, यंत्र गॅलरीत ठेवून वेगळी वाळवा आणि मिक्सरच्या वेगळ्या छोट्या भांड्यात दळा. त्या भांड्यावर नाव लिहा. त्यात पुन्हा वेलची कुटायची नाही.

“आमच्या घरघंटीच्या माहितीपत्रकात मसाला दळता येतो असं लिहिलं आहे. त्यात मिरची दळू का?” — एक वाचक, विटा

दळता येते. पुढचे आठ दिवस भाकरी तिखट लागते.

“आम्ही विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. बारा कुंड्या आहेत, दोन जलापिनोच्या, बाकी लवंगी आणि ब्याडगी. सगळी मिळून चार किलो मिरची येते. गच्चीची किल्ली सोसायटीकडे. मागच्या वर्षी मिक्सरमध्ये दळली तर समोरच्या काकांना इतका ठसका लागला की ते भांडायला आले. शिवाय मिक्सरही बंद पडला. छोटं ग्राइंडर सुचवा.” — एक वाचक, सांगली

ताई, चार किलो ओली म्हणजे वाळून किलोभर. याला नवीन काही नको. सुई-दोरा आहे ना? मिरचीच्या देठातून दोरा ओवा, दोन मिरच्यांत बोटभर अंतर ठेवा आणि माळ खिडकीच्या ग्रिलला टांगा, जिथं वारा आहे तिथं. झेंडूच्या माळेसारखी गच्च ओवली तर टेकलेल्या जागी कुजते. पाऊस-ढग असले की टेबलफॅन समोर लावा. बारीक लवंगी आठवड्याभरात होईल, ब्याडगीला जास्त लागेल. जलापिनो अशी वाळणार नाही, तिची साल जाड आणि गर भरपूर. आतून बुरशी धरेल, बाहेरून कळणारही नाही. तिच्या चकत्या करा. तिकडं मेक्सिकोत ती लाल झाल्यावर धुरावर वाळवतात, तिला चिपोट्ले म्हणतात. तुम्ही फ्लॅटमध्ये धूर करू नका. काका आधीच रागावलेत.

मिक्सर बंद पडला म्हणजे जळाला असं नाही. उलटा करून बघा, बुडाला लाल बटण असतं. मोटार तापली की ते आपोआप बाहेर येतं. पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या आणि बटण आत दाबा. मिक्सर घेऊन दुरुस्तीला आलेले लोक माझ्या नवऱ्याच्या दुकानातून हे बटण दाबून परत जातात. तो पैसे घेत नाही, एवढंच म्हणतो की चहा पाजा.

७५० वॉटचा मिक्सर असेल तर किलोभर मिरचीला पुरे. चटणीचं छोटं भांडं घ्या, अर्धंच भरा. देठं काढा, मिरचीचे कात्रीनं इंच-इंच तुकडे करा. दळायच्या दिवशी दोन तास ऊन किंवा पंखा दाखवा, रात्रभर डब्यात राहिलेली मिरची सकाळी नरमलेली असते. वीस सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा वीस सेकंद. सलग दोन मिनिटं फिरवलंत तर झाकणाला आतून वाफ दिसेल. ती वाफ तुमच्याच मिरचीची, आणि तीच परत तिखटात उतरून गुठळ्या करते. भांड्याच्या खालचा बुश आणि वायसर वर्षातून एकदा बघा, कोरडी पूड तिथं शिरून ते खातात. खालून काळं पाणी गळायला लागलं की बदला, थोडक्या पैशाचं काम आहे.

ठसक्याचं कारण मिक्सर नाही, झाकण लगेच उघडणं. बटण बंद केल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. आतली धूळ बसू द्या. मग झाकणावर ओलं फडकं टाकून उघडा. आणि काकांना वाटीभर तिखट द्या.

“आमची बेदाण्याची शेड आहे. नोव्हेंबर ते जानेवारी मोकळीच असते. त्यात मिरची वाळवू का? आणि द्राक्षाला लावतो तसं पोटॅशचं द्रावण मिरचीला लावलं तर लवकर वाळेल का?” — एक वाचक, कवठेमहांकाळ

दादा, तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसून विचारताय. शेड जरूर वापरा. आधी जाळ्या पाण्यानं धुवा, द्राक्षाचा रस वाळून त्या चिकट झालेल्या असतात आणि मुंग्या येतात. धुऊन दोन दिवस उघड्या ठेवा, गंधकाचा वास जाऊ दे. मात्र एक लक्षात घ्या, बेदाणा तुम्ही करता तेव्हा हवा तापलेली आणि कोरडी असते. डिसेंबरात शेडमध्ये गारवा राहतो. तेव्हा दक्षिणेचा पडदा वर घ्या, ऊन आत येऊ द्या, थर एकेरीच ठेवा आणि मिरची दिवसाआड हातानं उलटी-पालटी करा. वेळ जास्त लागेल पण रंग असा येईल की गिऱ्हाईक विचारेल.

पोटॅशचं तुमचं डोकं बरोबर चाललंय. द्राक्षासारखीच मिरचीच्या सालीवर मेणाची पापुद्री असते, ती पाणी धरून ठेवते. पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाचं मिश्रण ती सैल करतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं मिरचीसाठीही असं मिश्रण काढलेलं आहे. पण मोठ्या मालाला ते ठीक. घरच्या वीस-तीस किलोला मी सांगणार नाही, आणि द्राक्ष बुडवून उरलेल्या टाकीत तर मुळीच नको, त्यात साखर उतरलेली असते. मेणाला फाटा द्यायचा सोपा मार्ग म्हणजे मिरचीला बाभळीच्या काट्यानं किंवा सुईनं दोन-तीन टोचे. तेवढ्यानं पाण्याला वाट होते. तुमच्या घरी शाळेतली पोरं असतील तर रविवारी कामाला लावा, हातमोजे देऊन.

“सांगलीवाडीत एक जण दोन एचपीचा पल्व्हरायझर अर्ध्या किमतीत देतोय. आमच्या बचत गटासाठी घ्यावा का?” — एक वाचक, सांगली

तो पुरात बुडाला होता का, हे पहिलं विचारा. विचारून खरं सांगतीलच असं नाही, म्हणून स्वतः बघा. मोटारीच्या मागचं पंख्याचं झाकण चार स्क्रूंचं असतं, ते उघडायला सांगा. पंख्याच्या पात्यांमागं बारीक पिवळट गाळाची पुटं असली की समजायचं. गाळ धुतला तरी स्क्रूच्या खाचेत राहतोच. २०१९ च्या ऑगस्टात माझी मोटार तीन दिवस पाण्याखाली होती, तेव्हापासून मला तो रंग झोपेतही ओळखू येतो. बुडालेली मोटार वाळवली की चालते, आणि दोन-चार महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं किंवा वाइंडिंग जातं. विकणारा तोवर फोन उचलत नाही. मोटार रिवाइंड केलेली असेल, बेअरिंगं नवीन असतील आणि बॉडीला करंट येत नाही हे इलेक्ट्रिशियननं मेगर, म्हणजे करंटची गळती तपासायचं मीटर, लावून दाखवलं, तर घ्या. सोबत सगळ्या जाळ्या मागून घ्या, एकच जाळी देतात आणि बाकीच्या हरवल्या म्हणतात.

“चैत्रात दळलेलं ब्याडगीचं तिखट लालभडक होतं. गणपतीत बघितलं तर विटकरी. तळाशी गुठळ्या आणि एका कडेला पांढरी लव. वरचं चांगलं आहे, तेवढं भाजून वापरू का?” — एक वाचक, कराड

नको. सगळं फेका. पांढरी लव दिसते तेवढ्याच जागी बुरशी असते असं नाही. मिरचीवरची काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते आणि ते घरच्या भाजण्यानं जात नाही, दळण्यानंही जात नाही. दीड किलो ब्याडगी टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे. माझीही एका जूनमध्ये गेली आहे. वळवाच्या भीतीनं घाईघाईत ओलसरच दळली होती, तीन किलो. नवऱ्याला कळू नये म्हणून मी ती रात्री उकिरड्यावर नेऊन टाकली आणि सकाळी गल्लीतलं कुत्रं शिंकत होतं.

रंगाचं वेगळं. तो प्रकाशानं आणि उष्णतेनं जातो. काचेची बरणी ओट्यावर, गॅसशेजारी, खिडकीच्या उजेडात छान दिसते, तिथंच तिखट विटतं. स्टीलचा डबा, अंधारं कपाट. आणि वर्षाचं एकदम दळू नका. वाळलेली मिरची अख्खी ठेवली तर रंग जास्त टिकतो, तीन-तीन महिन्यांपुरती दळत जा. अख्खी भरण्याआधी एक परीक्षा करा. गार झालेली मिरची काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि सकाळी बघा. झाकणाला आतून दव दिसलं तर ती अजून उन्हात जायची आहे.

“डंकावर एक किलो मिरची दिली, तिखट मिळालं ८७० ग्रॅम. डंकवाले चोरतात का?” — एक वाचक, सातारा

काही चोरतात. पण आधी सांगा, किलो मोजली ती देठासकट की देठं खुडून? किलोमागे सत्तर-ऐंशी ग्रॅम देठातच जातात. उन्हात दोन तास ठेवून नेली असेल तर वाटेत ओलही उडते. कुटताना धूळ उडते, ती मी रोज माझ्या नाकातोंडातून मोजते. थोडं मुसळाला आणि उखळाच्या कडेला राहतं, ते खरवडून मागून घ्या, लाजू नका. देठं खुडलेल्या, कडक वाळलेल्या मिरचीत माझ्याकडं किलोमागे पन्नास-साठ ग्रॅम घट येते. घरून निघताना वजन करा, डंकासमोर उभं राहा, चाळताना बघा, तिथंच पुन्हा काट्यावर ठेवायला सांगा. देठं खुडून दिलेल्या मिरचीत घट शंभराच्या वर गेली तर भांडा. माझ्या डंकावर गेली तर माझ्याशीही.